‘कसं झालंय?’ असं विचारू नका

जलरंगाच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर रविवारी संध्याकाळी डोकावून बघा. कोणी सकाळी घाटावर बसून काढलेलं, कोणी फोटोवरून काढलेलं, चित्रांची रांग लागलेली असते. प्रत्येकाखाली ‘कसं झालंय?’ आणि त्याखाली ‘अप्रतिम’, ‘क्या बात’, गुलाबाचं फूल, अंगठा. तासाभरात सगळं वर सरकून जातं. ज्याला आकाशात डाग का पडला हे समजून घ्यायचं होतं, त्याला तेवढं सोडून बाकी सगळं मिळतं. कारण त्याने ते विचारलेलंच नसतं.

‘कसं झालंय?’ला ‘छान’ याखेरीज उत्तर देणं समोरच्याला फार अवघड जातं. खरं सांगावं तर कुठून सुरुवात करायची कळत नाही, आणि चारचौघांत कोणाचा हिरमोड करायला कोणालाच आवडत नाही. ग्रुपवरची जाणती माणसं गप्प बसतात त्यामागे बहुतेक वेळा आखडूपणा नसतो. त्यांना हात घालायला जागाच दिलेली नसते. ती जागा कशी करून द्यायची, ते इथे सांगतो. उदाहरणं जलरंगाची घेतली आहेत, कारण या माध्यमात प्रश्नही जास्त पडतात आणि चूक झाकताही येत नाही. तैलरंग किंवा टॅबलेटवर काम करणाऱ्यांनी आपापले शब्द घालून वाचावं.

आधी चित्रालाच विचारा

चित्र पूर्ण वाळू द्या. ओला जलरंग वाळल्यावर फिका होतो, त्यामुळे ओल्या चित्रावर घेतलेलं मत सकाळी बदललेलं असतं. मग ते भिंतीला टेकवून सहा-सात फुटांवरून बघा. डोळे किलकिले करा. ही कला महाविद्यालयांतली जुनी सवय आहे आणि तिला अजून तोड नाही: बारकावे पुसले जातात, उजेड आणि सावलीचे मोठे आकार तेवढे उरतात. त्याच कामासाठी फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. ‘रंग मळकट झालेत’ अशी ज्याची तक्रार असते, त्याच्या चित्रात पुष्कळदा रंग ठीक असतात आणि टोन, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा, चुकलेला असतो. झाड, त्यामागची भिंत आणि रस्ता कृष्णधवल फोटोत एकाच राखाडी रंगाचे दिसले, की निम्मं उत्तर तिथेच मिळालं. फोटो आडवा उलटवून, म्हणजे आरशात बघितल्यासारखा, बघितला तर कललेले खांब आणि वाकडी क्षितिजरेषा लगेच डोळ्यांत खुपते.

यानंतर कागदावर दोन ओळी लिहा. इथे मला काय हवं होतं? इथे काय झालं? या दोन ओळी लिहिता येत नसतील तर प्रश्न अजून तयार झालेला नाही, चित्र आणखी थोडं बघा. एवढं केल्यावर जे उरेल तेच दुसऱ्याचा वेळ घेण्याच्या लायकीचं असतं.

एक जागा, एक प्रश्न

आता एक प्रश्न जवळून बघू. ग्रुपवर नेहमी येणारा मेसेज असा असतो:

‘सर, आकाश नीट येत नाही. काहीतरी टिप्स द्या ना.’

यावर सर काय सांगणार? ‘प्रॅक्टिस करा.’ आता तोच माणूस असं लिहितो असं धरा (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खडबडीत कागद, वॉश म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा थर):

‘कागद ३०० जीएसएम, कोल्ड प्रेस, पण कॉटन नाही. रंग अल्ट्रामरीन निळा. आकाश आधी पाण्याने ओलं केलं, मग वरून वॉश देत खाली फिका करत आणला. क्षितिजाजवळ अजून फिकं हवं होतं म्हणून वॉश अर्धवट वाळलेला असताना स्वच्छ ओला ब्रश परत फिरवला. तिथे फुलकोबीसारखी कड उमटली. मला मऊ उतार हवा होता. गाव रत्नागिरी, जुलै, बाहेर पाऊस. ब्रशमध्ये पाणी जास्त झालं, की त्या वेळी हातच लावायला नको होता?’

याला उत्तर देता येतं, आणि देणाऱ्यालाही मजा येते. वॉश अर्धवट वाळलेला असताना ब्रशमधलं पाणी कागदावरच्या पाण्यापेक्षा जास्त असेल, तर ते कमी ओल्या भागाकडे पसरत जातं. जाताना सुटा रंग पुढे ढकलतं आणि जिथे थांबतं तिथे त्याची कड सोडतं. फुलकोबी म्हणतात ती हीच. म्हणजे विचारणाऱ्याचे दोन्ही अंदाज एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. ब्रश पिळून जवळजवळ कोरडा केला असता तर त्याने उलट रंग टिपून घेतला असता आणि तो भाग उजळला असता. किंवा पूर्ण वाळू देऊन, पुन्हा ओलं करून दुसरा थर देता आला असता.

त्या मेसेजमध्ये काय काय आहे बघा. साहित्य आहे, क्रम आहे, काय हवं होतं आणि काय झालं तेही आहे, शेवटी स्वतःचा अंदाज आहे. माझ्या मते यात सगळ्यात मोलाचा तो अंदाज. त्यावरून उत्तर देणाऱ्याला कळतं की हा माणूस कुठपर्यंत पोचला आहे, आणि तो तिथूनच पुढे बोलतो. मेसेज लिहिता लिहिताच अनेकांना उत्तर सापडतं आणि तो पाठवावाच लागत नाही, हा वरचा फायदा.

गाव आणि महिना

‘रत्नागिरी, जुलै’ हे शब्द वर उगाच घातलेले नाहीत. जलरंगाचा निम्मा खेळ वाळण्याच्या वेगाचा आहे, आणि तो वेग हवा ठरवते. नागपुरात मे महिन्यात वॉश निम्म्यावर येईपर्यंत वरची कड वाळून बसते. कोकणात भर पावसाळ्यात तोच वॉश बराच वेळ लखलखत राहतो, माणूस कंटाळून त्यात हात घालतो आणि फुलकोबी उगवते. नागपूरच्या माणसाने ‘पटपट काम करा’ सांगितलं आणि रत्नागिरीच्या माणसाने ते ऐकलं, तर दोघंही खरे असून चित्र बिघडणार. परदेशी व्हिडिओंतल्या ‘दोन मिनिटं थांबा’चंही तेच. ती दोन मिनिटं त्यांच्या हवेतली असतात.

म्हणून वेळेबद्दल विचारताना मिनिटांत विचारू नका, चकाकीत विचारा. कागद तिरका धरून उजेडात बघितला की तीन टप्पे ओळखता येतात: पाणी चमकतंय, चमक नुकतीच गेलीय, आणि कोरडा दिसतोय पण बोटांची पाठ लावली तर गार लागतोय. ‘चमक गेल्यावर तुम्ही झाडाचा आकार टाकलात की आधीच?’ या प्रश्नाचं उत्तर नागपुरातही चालतं आणि न्यू जर्सीतल्या मराठी मंडळातही.

जागेवर बसून रेखाटन करणारे लोक चित्राखाली ठिकाण आणि तारीख घालतात. गॅब्रिएल कॅम्पानारिओ या सिअ‍ॅटलच्या पत्रकाराने २००७ साली एका ऑनलाइन फोटोगटातून ‘अर्बन स्केचर्स’ची सुरुवात केली. त्यांच्या जाहीरनाम्यातच रेखाटन म्हणजे काळाची आणि जागेची नोंद असं म्हटलेलं आहे. ती नोंद नुसती आठवण म्हणून ठेवायची नसते. त्यावरूनच बघणारा विचारू शकतो की दुपारी बाराच्या उन्हात ही सावली इतकी लांब कशी?

‘ब्रश कोणता वापरता?’

हा प्रश्न विचारू नये असं नाही. पण चांगल्या चित्रकाराला रोज येणाऱ्या प्रश्नांत याचा पहिला नंबर लागतो आणि उत्तराने चित्र सुधारत नाही. साहित्याबद्दल विचारायचंच असेल तर आधी कागदाबद्दल विचारा. ब्रश शेवटी ठेवा.

चांगल्या जलरंग कागदाला सायझिंग, म्हणजे पाणी अडवणारी खळ, केलेलं असतं, पारंपरिक कागदात जिलेटिनचं. त्यामुळे पाणी लगेच आत शोषलं जात नाही आणि रंग पृष्ठभागावर खेळवता येतो. ड्रॉइंग शीटवर ‘वेट ऑन वेट’ (ओल्या कागदावर ओला रंग) का जमत नाही असं विचारणारे पुष्कळ भेटतात. अडचण त्यांच्या हातात नसते, त्या कागदात असते. घरी तपासायला सोपं आहे: कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. तो फुगून बसून राहिला तर ठीक. टीपकागदावर पडल्यासारखा आत गेला तर सायझिंग कमी आहे किंवा गेलेलं आहे. दमट हवेत उघडा पडलेला चांगला कागदही असा खराब होतो, मग वॉशमध्ये अचानक गडद ठिपके उठतात. पावसाळ्यात कागद प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. ‘वॉशमध्ये ठिपके का येतात?’ असं विचारताना कागद किती जुना आहे आणि कुठे ठेवला होता हे लिहिलंत, तर पहिल्याच उत्तरात काम होईल.

रंगांच्या बाबतीत कंपनी विचारण्यापेक्षा रंगद्रव्याचा क्रमांक विचारा. ट्यूबवर बारीक अक्षरांत तो छापलेला असतो. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, फ्थॅलो निळा म्हणजे पीबी १५. दोन्ही निळेच, पण स्वभाव वेगळा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि पोत येतो, शिवाय तो ओल्या ब्रशने बराचसा उचलता येतो. फ्थॅलो एकदा बसला की बसला. ‘तुमचा निळा पुसता येतो, माझा का येत नाही?’ याचं उत्तर बहुधा या क्रमांकात असतं. ट्यूबवरच्या मोठ्या नावावर जाऊ नका. नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेलं असेल तर त्यात मूळ द्रव्याऐवजी त्याच्यासारखं दिसणारं दुसरं काहीतरी आहे. तसंच जुना अलिझरीन क्रिमसन, म्हणजे पीआर ८३, उजेडात उडतो. चित्र विकणार असाल तर हे आधीच विचारून घेतलेलं बरं.

हे वाचून महागडी खरेदी करायला धावू नका. १९३१ साली दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅमलिनचे रंग घेऊन महाराष्ट्रातली मुलं वर्षानुवर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसत आली आहेत. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर कागदावर घाला.

फोटो

थोडक्यात सांगतो. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, ऊन थेट न पडता. फ्लॅश नको, फिल्टर नको. फोन चित्राला समांतर धरा, नाहीतर सरळ घर वाकडं दिसतं आणि उत्तरं पर्स्पेक्टिव्हवर येत राहतात. चित्राभोवतीची कागदाची पांढरी कड फोटोत राहू द्या, त्यावरून बघणाऱ्याला रंगाचा अंदाज येतो. दोन फोटो पाठवा: एक पूर्ण चित्राचा, एक अडचणीच्या जागेचा. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, म्हणून एचडीमध्ये किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. समोर बघून काढलेलं असेल तर त्या जागेचा फोटोही जोडा.

दुसऱ्याच्या चित्राबद्दल विचारताना

खरं कुतूहल इथे कामाला येतं, आणि घोटाळेही इथेच होतात.

‘कसं केलंत?’ विचारण्याआधी त्या चित्रासमोर पाच मिनिटं बसा. सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हातातल्या दिव्याच्या उजेडात उभी असलेली तरुणी, मॉडेल म्हणून उभी राहिली होती त्यांचीच मुलगी. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात, आणि तैलरंगातलं समजतात. ते जलरंगात आहे. हे कळल्यावर ‘बापरे!’ म्हणून पुढे जाता येतं, किंवा थांबून प्रश्न काढता येतात. सर्वांत उजळ जागा कुठली, आणि तिथे खाली कोरा कागद राखला असेल का? सर्वांत गडद जागा त्या उजेडाच्या किती जवळ आहे? पदराची आणि केसांची कड कुठे स्पष्ट आहे, कुठे अंधारात हरवली आहे? आडोशाला धरलेल्या बोटांमध्ये नारिंगी झाक कुठून कुठपर्यंत जाते? हे चार प्रश्न कुठल्याही चित्राला लावता येतात, आणि त्यातून जो पाचवा निघतो तो चित्रकाराला विचारण्याजोगा असतो.

तो प्रश्न निर्णयाबद्दल असावा. ‘हा जांभळा कोणता?’ याला एका शब्दाचं उत्तर मिळतं. ‘सावलीतला जांभळा तुम्ही भिंतीचा पिवळा ओला असतानाच सोडलात का? आणि दाराजवळ तो का थांबवला?’ असं विचारलं तर माणूस खुर्ची ओढून बसतो. आपलं काम कोणीतरी इतकं बघितलं, याचा आनंद पन्नास ‘अप्रतिम’मध्ये नसतो.

काही पथ्यं मात्र पाळावीत. ‘स्टेप बाय स्टेप व्हिडिओ टाका ना’ ही फर्माईश झाली, प्रश्न नव्हे. शिवाय ज्यांचं पोट कार्यशाळांवर चालतं त्यांच्याकडे ती करणं म्हणजे फुकट शिकवणी मागणं. किमतीबद्दल सगळ्यांसमोर विचारू नका, खाजगीत विचारा, आणि विकत घ्यायचं नसेल तर तेही सांगून टाका. ज्येष्ठांना ‘सर’, ‘मॅडम’, ओळखीच्यांना ‘ताई’, ‘दादा’ चालतं, पण नावाआधी तीन विशेषणं लावली म्हणून प्रश्न चांगला होत नाही. आणि ग्रुपच्या सर्चमध्ये आधी एकदा शोधून बघा. ‘मास्किंग फ्लुइडने (कागद कोरा राखायला लावतात त्या द्रवाने) कागद फाटतो’ यावर दर दोन महिन्यांनी चर्चा झालेली असते.

एखाद्याचं चित्र बघून अभ्यासासाठी काढलं असेल, तर पोस्ट करताना ‘अमुक यांच्या चित्रावरून अभ्यास’ असं पहिल्याच ओळीत लिहा आणि त्यांना आधी विचारा. नकार आला तर वहीत ठेवा. आपल्याकडे कलाकृतीचा कॉपीराइट कलाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. १९४४ साली वारलेल्या म. वि. धुरंधरांच्या चित्रांवरून अभ्यास टाकायला अडचण नाही, तरी नाव द्यायचंच. संदर्भासाठी वापरलेला फोटोही कोणीतरी काढलेला असतो हे बहुतेक जण विसरतात.

परंपरेतल्या कलाकाराला विचारताना

वारलीच्या बाबतीत ‘त्रिकोणाला त्रिकोण कसा जोडायचा’ इथेच बहुतेकांचं कुतूहल संपतं, आणि दुसऱ्या दिवशी कुर्त्यावर ‘माझी वारली’ येते. मुळात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढला जाणारा देवचौक हा विधीचा भाग आहे. तो सवाशिणी काढतात, मध्ये पालघट देवी असते, लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी त्यासोबत असतात. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी सत्तरच्या दशकात ही चित्रकला विधीबाहेर, कागदावर आणि कापडावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले.

हे माहीत असलं की प्रश्न बदलतात. हा चौक कोणत्या लग्नात बघितला? कागदावर विकायला काढताना यातलं काय वगळता? घरातल्या बायका काढतात त्यात आणि तुमच्यात काय वेगळं आहे? कदाचित ‘ते सांगत नाही आम्ही’ असं उत्तर येईल. तिथे थांबायचं. ‘फक्त माहितीसाठी विचारतोय’ म्हणून पुन्हा टोकरायचं नाही. आणि त्यांनी सांगितलेलं दुसरीकडे लिहिणार असाल, तर त्यांनी सांगण्याआधीच तुम्ही त्यांना तसं सांगा, नंतर नव्हे.

उत्तर आल्यावर

तीन जण तीन गोष्टी सांगणार, हे धरून चाला. कोण बरोबर यावर वाद घालण्यापेक्षा त्याच कागदाची एक पट्टी कापा. चार चौकोन, चारही ठिकाणी तोच निळा वॉश. पहिल्यात पाणी चमकत असतानाच स्वच्छ ओला ब्रश टेकवा, दुसऱ्यात चमक नुकती गेल्यावर, तिसऱ्यात कागद कोरडा दिसतोय पण गार लागतोय तेव्हा, चौथ्यात पूर्ण वाळल्यावर. पहिल्यात पाणी मऊ पसरेल, मधल्या दोघांत फुलकोबी कमीजास्त उगवेल, चौथ्यात रंग थोडा सुटून कड राहील. प्रत्येक चौकोनाखाली पेन्सिलने लिहा आणि पट्टीचा फोटो त्याच मेसेजला उत्तर म्हणून टाका. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना आपलं सांगणं वाया गेलं नाही हे कळतं, आणि पुढच्या वेळी ते तुमच्या प्रश्नाला आधी उत्तर देतात. ‘धन्यवाद सर’ म्हणून गायब होणाऱ्याला ही सोय नसते.

तुम्हीही कधीतरी उत्तर देणाऱ्यांत असाल. तेव्हा उपाय सांगण्याआधी ‘इथे तुम्हाला काय हवं होतं?’ एवढं विचारा. तुम्हाला चूक वाटलेली कडक सावली त्याने मुद्दाम ठेवलेली असू शकते. दुसऱ्याच्या चित्राच्या फोटोवर बोटाने रेघा मारून ‘असं करा’ दाखवायचं असेल तर आधी परवानगी घ्या. एकाने मागितलेली दुरुस्ती आणि चारचौघांत न मागता मिळालेली दुरुस्ती यांत फार फरक पडतो, नवख्या माणसाला विशेष.

उत्तर आलंच नाही तर मनाला लावून घेऊ नका. बहुधा मेसेज गर्दीत वाहून गेलेला असतो. एक दिवस थांबा, मग तोच प्रश्न आणखी लहान करून टाका: पूर्ण चित्राचा फोटो वगळा, अडचणीच्या जागेचा तेवढा ठेवा, आणि शेवटची ओळ अशी लिहा की तिचं उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘दुसरा पर्याय’ असं देता येईल. प्रवासात, लोकलमध्ये उभ्या उभ्या फोन बघणाराही तेवढं लिहून जातो.